दुखण्याआधी दंतवैद्य: जवळचा डॉक्टर निवडताना आणि दातांच्या तारा सांभाळताना

दाढ ठणकायला लागली की माणूस जो दवाखाना उघडा दिसेल त्यात शिरतो आणि खुर्चीत आडवा झाल्यावर डॉक्टर जे सांगतील त्याला मान डोलावतो. अशा वेळी समोरच्याची पारख करण्याची मनःस्थितीच नसते. ठणका थांबावा एवढीच इच्छा असते. मी स्वतः एकदा असाच शिरलो होतो आणि दाढ काढून बाहेर आलो. ती दाढ रूट कॅनल करून वाचली असती का, हा प्रश्न विचारण्याचे मला दुसऱ्या दिवशी सुचले, तेव्हा दाढ कचऱ्यात गेलेली होती. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे दातांच्या बाबतीत असे पटते. दंतवैद्य शोधण्याची योग्य वेळ एकच, ती म्हणजे काहीही दुखत नसताना. घरात कुणाच्या दातांना तारा बसवायच्या असतील तर ही निवड आणखी शांतपणे करावी लागते, कारण त्या उपचारात एकाच दवाखान्याशी बहुधा दीड-दोन वर्षांचा संबंध येतो आणि पुढे रिटेनरची, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाची, वर्षे निराळी. पुढे जे लिहिले आहे त्यातील बरेचसे माझ्या मुलीच्या ब्रेसेसच्या, म्हणजे या तारांच्या, काळात, काही वेळा चुकून, शिकलेले आहे.

डॉक्टर शोधताना

नामांकित पण लांबच्या दवाखान्यापेक्षा जवळचा चांगला दवाखाना मी पसंत करतो आणि त्याचे कारण केवळ सोय हे नाही. ब्रेसेस असताना साधारण चार ते आठ आठवड्यांनी तपासणीला जावे लागते. दोन वर्षांत दर सहा आठवड्यांनी एक फेरी धरली तरी १७ फेऱ्या होतात. शिवाय ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवण्यासाठी दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, निखळणे, तार टोचणे असल्या अवेळी फेऱ्या वेगळ्याच. दवाखाना दूर असला की या फेऱ्या पुढे ढकलल्या जातात आणि ढकललेली प्रत्येक फेरी उपचाराची मुदत वाढवते. निखळलेला ब्रॅकेट महिनाभर तसाच राहिला तर तो दात त्या काळात हलत नाही किंवा भलतीकडे सरकतो.

नावे मिळवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ज्यांचे उपचार पूर्ण झाले आहेत अशा ओळखीच्या माणसांना विचारणे. मात्र ‘डॉक्टर चांगले आहेत का?’ या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी नेमके विचारावे: वेळ ठरलेली असताना प्रत्यक्षात किती थांबावे लागते, काय करणार आहेत ते आधी समजावून सांगतात का, भरलेली दाढ महिनाभरात दुखू लागली तेव्हा त्यांनी कसे वागवले, आणि सांगितलेला खर्च मध्येच वाढला का. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा. ते स्वतःचे आणि मुलांचे दात कुणाला दाखवतात, हे विचारले तर उत्तर अधिक प्रामाणिक मिळते. इंटरनेटवरील तारांकित शेरे मी वाचतो, पण त्यांवरून ताटकळावे लागते का, बोलणे कसे आहे आणि हिशोब चोख आहे का एवढेच कळते. दाढ नीट भरली गेली की नाही हे रुग्णाला स्वतःच्या तोंडात दिसत नाही, त्यामुळे त्याविषयीच्या पाच ताऱ्यांना फारसा अर्थ नसतो. वाईट शेऱ्याला दवाखान्याने काय उत्तर दिले आहे ते मात्र जरूर वाचावे.

दोन-तीन नावे हाती आली की डॉक्टरांची नोंदणी पडताळावी. दंतवैद्यांची नोंदणी ठेवणारी अधिकृत संस्था बहुतेक देशांत असते आणि तिची यादी पुष्कळदा सर्वांना पाहता येते. ब्रेसेससाठी आणखी एक गोष्ट विचारायला हवी. वेडेवाकडे दात सरळ करण्याचे शास्त्र, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्स, ही दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे आणि मूळ पदवीनंतर काही वर्षे तिचे वेगळे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. तारा बसवणारे सगळेच ऑर्थोडॉन्टिस्ट असतात असे नाही. सोप्या तक्रारीत अनुभवी सामान्य दंतवैद्यही चांगले काम करतात, पण जबडा पुढे-मागे असेल, दात काढावे लागणार असतील किंवा एखादा सुळा हाडात अडकून बसला असेल तर तज्ज्ञच हवा. काही दवाखान्यांत तज्ज्ञ ठरावीक दिवशीच येतात. त्यात गैर काही नाही, मात्र ते नसताना तार सुटली तर कोण पाहणार, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

पहिल्या भेटीत डोळे उघडे ठेवून

पहिली भेट फक्त तपासणीची ठेवावी आणि तसे फोनवरच सांगावे. खुर्चीत बसल्यावर दिव्याकडे पाहत राहण्याऐवजी डॉक्टरांच्या हातांकडे पाहावे. हातमोजे घातलेल्या हाताने त्यांनी कपाटाचा खण ओढला, फोन उचलला आणि तेच बोट पुन्हा तोंडात घातले, तर भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे लावलेली असोत, मी दुसरा दवाखाना पाहीन. अवजारे बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली जायला हवीत. ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेत, निर्जंतुक करतात; त्यासाठी १२१ अंश सेल्सिअसला साधारण १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना निदान ३ मिनिटे हे नेहमीचे प्रमाण आहे. पाकिटावर रंग बदलणारी खूण असते. तिचा रंग बदललेला असणे म्हणजे पाकीट त्या यंत्रातून गेले आहे, एवढाच पुरावा; तरी तो मागण्यात संकोच नको. ‘अवजारे कशी निर्जंतुक करता?’ या प्रश्नावर चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट यंत्र दाखवतो.

तोंडात आरसा घालण्याआधी डॉक्टरांनी तुमच्या प्रकृतीची चौकशी करायला हवी. मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हाडांच्या ठिसूळपणावर औषध घेता का, कशाची ॲलर्जी आहे का, गर्भारपण आहे का, हे प्रश्न उपचाराची दिशा ठरवणारे असतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो, हाडांवरची काही औषधे चालू असताना दात काढल्यास जबड्याची जखम भरून येण्यास अडचण येऊ शकते, आणि बहुतेक ब्रेसेसमध्ये निकेल असल्याने त्या धातूची ॲलर्जी आधीच सांगावी लागते. त्यांनी विचारले नाही तर आपण सांगावे. दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तो निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो.

तपासणीनंतर काय आढळले, त्यावर कोणकोणते उपाय आहेत, प्रत्येकाला किती वेळ व खर्च येईल आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे चारही मुद्दे लेखी मागावेत. शेवटचा मुद्दा सर्वांत उपयोगाचा, कारण तो विचारला की तातडीचे काम कोणते आणि थांबू शकणारे कोणते हे आपोआप वेगळे होते. एक्स-रे काढले असतील तर त्यांची प्रत आपल्याकडे ठेवावी. दुसरे मत घ्यायचे झाल्यास तेच पुन्हा काढावे लागत नाहीत.

कशाने सावध व्हावे? ‘आजच सुरू केले तर सवलत’ अशी घाई केली जात असेल, किंवा वर्षानुवर्षे नियमित तपासणी करूनही नव्या डॉक्टरांना एकदम सात-आठ दात किडलेले दिसत असतील, तर कागद घेऊन शांतपणे बाहेर पडावे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. येथे एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. दुखत नाही म्हणजे कीड नाही, असे अजिबात नसते. कीड दाताच्या बाहेरच्या आवरणात असेपर्यंत काहीच जाणवत नाही आणि ठणका लागतो तेव्हा ती बहुधा दाताच्या आतल्या नसांपर्यंत पोहोचलेली असते. त्यामुळे न दुखणाऱ्या दाताचे काम सुचवणारा डॉक्टर फसवतोच आहे असे समजू नये. त्याला एक्स-रेवर किंवा आरशात ती जागा दाखवायला सांगावी.

भीती वाटत असेल तर ती लपवण्यात अर्थ नाही. डावा हात वर केला की काम थांबवायचे, अशी खूण आधीच ठरवून घेता येते आणि तेवढ्याने पुष्कळांची धडधड निम्मी होते.

घरचे काम: ब्रश, वेळ आणि साखर

आता ज्या भागात खरे दात वाचतात किंवा जातात, त्याकडे वळू. दातांवर सतत जमणाऱ्या चिकट थराला प्लाक म्हणतात. त्यातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, आणि तोंडातील सामू (आम्लता दाखवणारा pH) साधारण ५.५च्या खाली गेला की दाताच्या बाहेरील आवरणातील, म्हणजे इनॅमलमधील, खनिजे विरघळू लागतात. इनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असला तरी तो तयार करणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे एकदा पडलेला खड्डा स्वतःहून भरत नाही. खड्डा पडण्याआधीच्या अवस्थेत मात्र लाळ हळूहळू आम्ल निवळते आणि खनिजे परत दातात बसवते. फ्लोराइड या कामाला मदत करते. लाळेला त्यासाठी अर्धा ते एक तास लागतो. म्हणूनच दिवसात एकूण किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे अधिक महत्त्वाचे ठरते. गोड पेयाचा एक पेला जेवणाबरोबर संपवणारा माणूस तोच पेला दुपारभर घोट घोट पिणाऱ्यापेक्षा दातांचे कमी नुकसान करतो, कारण दुसऱ्याच्या लाळेला उसंतच मिळत नाही.

ब्रश दिवसातून दोनदा आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटे करावा, आणि त्यातली एक वेळ रात्री झोपण्यापूर्वीचीच असावी. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे रात्री दातांत राहिलेल्या अन्नाला धुऊन काढणारे काहीच नसते. सकाळचा ब्रश कुणी चुकवत नाही; चुकतो तो रात्रीचा, आणि एखादा चुकवून चाललाच असता तर तो सकाळचा. ब्रश मऊ दातांचा घ्यावा. तो हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर ४५ अंशांत तिरका टेकवून लहान लहान हालचाली कराव्यात. आडवे घासणे म्हणजे भांडे घासणे झाले. जोराने आडवे घासणाऱ्यांच्या सुळ्यांपाशी हिरडी वर सरकलेली आणि दाताला खाच पडलेली दिसते, आणि गार पाण्याने कळ येते ती तिथेच.

टूथपेस्टच्या नळीवर फ्लोराइडचे प्रमाण लिहिलेले असते. ते १००० ते १५०० पीपीएमच्या दरम्यान असावे. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश देऊन मोकळे होऊ नये, शेवटचा हात मोठ्यांनी फिरवावा. ब्रश झाल्यावर फेस थुंकावा पण लगेच खळखळून चूळ भरू नये, कारण त्याबरोबर फ्लोराइडही धुऊन जाते. ही सवय बदलायला मला स्वतःला महिना लागला. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर किंवा उलटी झाल्यावर मात्र आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रशसाठी निदान अर्धा तास थांबावे, कारण आम्लाने मऊ झालेले आवरण ब्रशने झिजते.

दोन दातांमधील फटीत ब्रशचे दात पोहोचत नाहीत. तिथे फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीतून ओढायचा बारीक धागा, किंवा फट मोठी असल्यास बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा इंटरडेंटल ब्रश वापरावा. दात कोरून पोट भरत नाही हे तर खरेच, पण टोकदार काडीने कोरून दातही स्वच्छ होत नाहीत. हिरडी तेवढी दुखावते. फ्लॉस सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात रक्त आले म्हणून तो सोडणारे पुष्कळ भेटतात. रक्त येणे ही हिरडी सुजल्याची खूण आहे आणि सूज प्लाकमुळे आलेली असते, त्यामुळे त्या जागी स्वच्छता वाढवायची असते, थांबवायची नसते. दोन आठवड्यांत थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. धूम्रपान करणाऱ्यांत हिरडी आजारी असूनही रक्त कमी येते, त्यामुळे ‘माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही’ या समाधानावर त्यांनी विसंबू नये.

दवाखान्यात दात साफ केले की ते हलू लागतात, हा समज इतका रुजलेला आहे की त्याबद्दल लिहिलेच पाहिजे. प्लाक घट्ट होऊन त्याचे कीटण बनते आणि ते ब्रशने निघत नाही. ज्यांना असा अनुभव येतो त्यांचे हिरडीच्या आजाराने खालचे हाड झिजलेले असते आणि दातांभोवतीच्या कीटणानेच त्यांना एकमेकांशी जखडून ठेवलेले असते. कीटण काढल्यावर दात हलतात असे वाटते. खरे तर ते आधीच सैल झालेले असतात, आणि झाकलेले उघड होते इतकेच.

तारा बसवण्याआधी

अनेक ऑर्थोडॉन्टिस्ट मुलाची पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या आसपास करायला सांगतात, कारण तोवर पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे काही दात आलेले असतात आणि जबड्यांची ठेवण कळू लागते. तपासणी सातव्या वर्षी म्हणजे तारा सातव्या वर्षी असे नव्हे. बहुतेक मुलांना ब्रेसेस लागतात त्या दुधाचे दात पडून कायमचे दात आल्यावर, साधारण १० ते १४ वर्षांच्या दरम्यान. मोठ्या वयातही दात सरकतात. अट वयाची नसून हिरड्या व हाड निरोगी असण्याची असते. किडलेले दात भरून आणि कीटण काढूनच ब्रेसेस लावाव्यात. तसे न करता थेट तारा लावायला निघालेल्या दवाखान्यातून मी परत आलो असतो.

दात सरकतो कसा हे कळले की घाई आपोआप कमी होते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, तर बारीक तंतूंनी टांगलेला असतो. तारेच्या हलक्या दाबाने एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे तयार होते, आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. दाब वाढवून हे काम लवकर होत नाही. उलट जास्त दाबाने तंतूंचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि दात अडून बसतो. ‘जरा जास्त घट्ट करा, म्हणजे लवकर सुटका होईल’ ही विनंती म्हणूनच फोल आहे. सुरुवातीला वापरतात त्या बारीक तारेची गंमत सांगण्यासारखी आहे. निकेल आणि टायटॅनियमचा तो मिश्रधातू १९६०च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झाला. वाकवला तरी तो मूळ आकार आठवून परत सरळ होऊ पाहतो, आणि त्याच ओढीने वाकडे दात रांगेत येतात. ब्रॅकेट दातावर थेट चिकटवता येऊ लागले तेही आम्लाने इनॅमलवर सूक्ष्म खरखरीतपणा आणण्याची युक्ती १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवल्यानंतर. त्याआधी प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा बसवावा लागे.

धातूचे, दाताच्या रंगाचे, दातांच्या आतल्या बाजूने बसवायचे असे ब्रेसेसचे प्रकार आहेत आणि काढता-घालता येणारे पारदर्शक अलायनरही, म्हणजे दातांवर बसणारी साच्यासारखी आवरणे, आहेत. अलायनर दिवसातून २० ते २२ तास घालावे लागतात. ज्याचा रिकामा डबा शाळेत विसरतो त्याच्यासाठी चिकटवलेल्या ब्रेसेसच बऱ्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारा असताना

ब्रेसेस काढल्यावर काही मुलांच्या दातांवर ब्रॅकेटच्या कडेकडेने खडूसारखे पांढरे डाग दिसतात. मधली जागा, जिथे ब्रॅकेट होता, ती चकचकीत असते आणि भोवती चौकोनी पांढरी चौकट उरते. दात सरळ झालेले असतात, पण हसले की नजर त्या चौकटीवरच जाते. ही किडीची पहिली पायरी असते आणि साफसफाई सुटली तर ती चार आठवड्यांतही दिसू लागते. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी लहान आरसा मुलीच्या हातात दिला, प्लाकला रंग चढवणारी गोळी चघळायला लावली आणि दात धुतल्यावर काहीच न बोलता तिला पाहू दिले. ब्रॅकेटचा वरचा भाग स्वच्छ होता; ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली अरुंद पट्टी मात्र जांभळी. ती दिवसातून तीनदा ब्रश करत होती, आणि तिन्ही वेळा ब्रश ब्रॅकेटवरून फिरत होता. त्या दिवसानंतर मला घरी ओरडावे लागले नाही. पांढरा डाग दिसताच डॉक्टरांना दाखवावा, कारण त्या टप्प्यावर फ्लोराइडने पुढची पडझड थांबवता येते.

म्हणून ब्रेसेसवर ब्रश तीन टप्प्यांत करावा. आधी हिरडीच्या रेषेवर, मग ब्रॅकेटच्या हिरडीकडील कडेला ब्रश तिरका लावून, आणि शेवटी दुसऱ्या कडेला उलटा तिरका करून. मग दोन ब्रॅकेटच्या मधल्या तारेखालून इंटरडेंटल ब्रश घालावा. तारेमुळे फ्लॉस वरून जात नाही, त्यासाठी सुईसारखे टोक कडक केलेला फ्लॉस किंवा तो ओवायची प्लास्टिकची सुई मिळते. पाण्याच्या फवाऱ्याचे यंत्र अडकलेले अन्न छान काढते, पण दाताला चिकटलेला प्लाक ते ब्रशइतका काढत नाही, त्यामुळे ते जोडीला ठेवावे, बदली म्हणून नव्हे. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे माउथवॉश डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस वापरावे. जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते.

खाण्याबाबत नियमांची लांब यादी पाठ करण्याची गरज नाही. जे कडक आहे त्याने ब्रॅकेट निखळतो, जे चिकट आहे ते तार ओढते आणि दाताला लपेटून बसते. कडक फळ पुढच्या दातांनी तोडण्याऐवजी फोडी करून मागच्या दाढांनी खावे. ब्रॅकेट तुटण्यामागे पुष्कळदा पदार्थ नसून सवय असते: पेनचे टोपण चावणे, नखे खाणे, बर्फ फोडणे. डॉक्टरांनी वरच्या-खालच्या ब्रेसेसमध्ये अडकवायचे रबर लावायला दिले असतील तर ते सांगितले तितके तास लावलेच पाहिजेत. जबड्यांची जुळणी तेच करतात आणि दोन दिवस वगळून तिसऱ्या दिवशी दोन-दोन लावल्याने भरपाई होत नाही.

तार घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस दात दुखतात. मऊ खावे, गार पाणी प्यावे, गरज पडल्यास वय-वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल घ्यावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. गालाला फोड आला तर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात.

तार टोचू लागते ती बहुधा रात्री, दवाखाना बंद झाल्यावर. डॉक्टरांनी दिलेल्या मेणाचा वाटाण्याएवढा तुकडा बोटांत मळून, टोचणारी जागा आधी कापसाने कोरडी करून त्यावर दाबावा. ओल्या तारेवर मेण टिकत नाही. आम्ही पहिल्या वेळी अर्धी डबी वाया घालवली ती याच कारणाने. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर तो ओढू नये, मेणाने स्थिर करून दुसऱ्या दिवशी फोन करावा. पूर्ण निघाला तर डबीत जपून न्यावा. एखादा तुकडा गिळला गेला तर तो बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतो, तरी डॉक्टरांना कळवावे. पण सतत खोकला येत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर तो श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता धरून थेट रुग्णालय गाठावे. चेहरा सुजणे, बरोबर ताप येणे, गिळता न येणे किंवा तोंड न उघडणे, यांसाठीही सकाळची वाट पाहू नये.

मैदानी खेळ खेळणाऱ्यांनी ब्रेसेसवरून बसणारा माउथगार्ड, म्हणजे दातांना मारापासून वाचवणारे आवरण, डॉक्टरांकडून घ्यावा, कारण साधा माउथगार्ड सरकणाऱ्या दातांना अडवतो. तरीही कायमचा दात मुळासकट निघालाच, तर तो मुळाला न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, घाण लागली असल्यास दुधाने किंवा पाण्याने क्षणभर धुवावा पण घासू नये, आणि शक्य असल्यास त्याच जागी परत बसवून रुमालावर चावून धरावे. ते जमले नाही तर दात दुधात ठेवून निघावे. पहिला अर्धा तास सोन्याचा असतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

तारा निघाल्यावर

ब्रेसेस निघतात त्या दिवशी घरात सण असतो आणि नेमकी त्याच दिवशी पुढची चूक सुरू होते. दाताभोवतीचे हाड पक्के व्हायला महिने लागतात आणि हिरडीतील ताणलेले तंतू त्याहून जास्त काळ दाताला जुन्या जागी ओढत राहतात. रिटेनर त्यासाठी असतो. सुरुवातीचे काही महिने तो जवळजवळ पूर्ण वेळ आणि नंतर रात्री घालावा लागतो. किती वर्षे, असे विचारले तर बहुतेक ऑर्थोडॉन्टिस्ट सांगतात की दात सरळ हवे आहेत तोपर्यंत. रिटेनर गरम पाण्याने धुऊ नये, तो वाकतो. गार पाणी आणि मऊ ब्रश पुरे. जेवताना तो कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नये. हरवलेले बहुतेक रिटेनर ताटाशेजारच्या अशाच रुमालासकट कचऱ्यात गेलेले असतात, त्यामुळे डबी नाही तर रिटेनर काढणे नाही, असा नियम घरात करावा.

दातांच्या मागे चिकटवलेली कायमची बारीक तार असेल तर तिच्याखाली फ्लॉस ओवून रोज साफ करावे, कारण खालच्या पुढच्या दातांमागे कीटण सर्वांत लवकर जमते. ही तार एखाद्या दातावरून सुटली तरी दुखत नाही, आणि तो दात गुपचूप फिरतो. महिन्यातून एकदा जीभ फिरवून ती सगळीकडे पक्की आहे ना, हे पाहावे. काढता येणारा रिटेनर काही दिवस घालायचा राहून गेला आणि नंतर तो घट्ट वाटला पण पूर्ण बसला, तर पुन्हा नियमाने घालावा. तो बसतच नसेल तर जोर लावून दाबू नये, त्याच आठवड्यात दाखवावे. तारांचे उपचार संपल्यावर ऑर्थोडॉन्टिस्टच्या फेऱ्या कमी होतात, पण नेहमीच्या दंतवैद्याकडील तपासणी चालूच असते. त्या तपासणीला जाताना रिटेनरची डबी बरोबर न्यावी, म्हणजे तो तिथेच घालून दाखवता येतो आणि दात किंचित जरी हलले असतील तरी ते तुमच्याआधी डॉक्टरांच्या लक्षात येते.